एका पिंपाची ६२.८ टक्के रम: गुण नेमके कोणत्या तीव्रतेला द्यायचे?

मुरवण (धागाकर्ता)

गेले तीन आठवडे मी एकाच बाटलीपाशी अडलो आहे. ही जमैकन रम एका स्वतंत्र व्यापाऱ्याने बाजारात आणली आहे. तो स्वतः रम गाळत नाही, इतरांची पिंपे विकत घेऊन बाटल्या भरतो. मूळ डिस्टिलरीचे नाव लेबलावर नाही. तिथे छापलेली माहिती एवढीच आहे: मळीपासून पॉट स्टिलमध्ये (एका वेळी एकच घाणा गाळणाऱ्या भांड्यात) गाळलेली, १४ वर्षे मुरवलेली, एकाच पिंपातली, एकूण २१३ बाटल्या, प्रत्येकी ७० सेंटिलिटर, ६२.८ टक्के अल्कोहोल, गारठवून फिल्टर केलेली नाही, वरून रंग घातलेला नाही.

पहिल्या संध्याकाळी मी ट्यूलिपच्या आकाराच्या ग्लासात २० मिलिलिटर ओतली आणि पाण्याचा थेंबही न घालता घेतली. नाकाला आधी व्हार्निश आणि डिंकाचा वास आला. तो ओसरल्यावर फार पिकलेले केळे आणि अननस आले, आणि सर्वांत शेवटी खारवलेल्या काळ्या ऑलिव्हसारखे काहीतरी. जिभेवर चटका जबर होता, पण त्याच्या मागे लवंग आणि जुने लाकूड बराच वेळ रेंगाळत राहिले. मी ८९ गुण लिहिले आणि समाधानाने झोपलो.

चार दिवसांनी तीच रम पाणी घालून अंदाजे ४६ टक्क्यांवर आणली. अननस आता लपतछपत न येता थेट समोर आला, मात्र घोटाचा मधला भाग पोकळ वाटला आणि शेवटी लाकडाचा कडूपणा उघडा पडला. गुण ८३. मग मधला मार्ग म्हणून ५५ टक्क्यांवर घेतली, तेव्हा ८७ झाले. रम एक, पिंप एक, जीभ एक, आणि गुण तीन. यांतले कोणते गुण त्या रमचे आणि कोणते मी घातलेल्या पाण्याचे, हे मला ठरवता येत नाही. आपण सर्व अशा वेळी काय करता?

नाकपुडी

तुमचे ८९ मला संशयास्पद वाटतात, आणि याचे कारण रममध्ये नसून आपल्या शरीरात आहे. तोंडात ज्या संवेदी ग्राहकावर (रिसेप्टरवर) मिरचीतले कॅप्सायसिन काम करते, त्याच रिसेप्टरला अल्कोहोलही चेतवते. एरवी तो ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास जागा होतो. अल्कोहोलच्या सान्निध्यात त्याची ही मर्यादा ३४ अंशांपर्यंत खाली येते. शरीराचे स्वतःचे तापमान त्याहून जास्त असल्यामुळे काहीही गरम नसताना जीभ भाजल्याची सूचना मेंदूला मिळते. ६२.८ टक्क्यांच्या पहिल्या घोटात आपण जे 'भारदस्त' म्हणून लिहितो, त्यातला बराचसा भाग ही सूचनाच असते. ती चव नव्हे.

म्हणून माझी पद्धत अशी आहे की पहिला घोट जेमतेम अर्धा मिलिलिटर घ्यावा, तोंडभर फिरवावा आणि त्याविषयी एक अक्षरही लिहू नये. नोंद दुसऱ्या घोटापासून सुरू करावी. नाकाच्या बाबतीत तर आणखी सबुरी हवी. इतक्या तीव्र रमच्या ग्लासात नाक खुपसले तर पहिल्या दोन श्वासांतच ते बधिर होते आणि नंतर अर्धा तास आपण आठवणीतले वास लिहीत बसतो. ग्लास हनुवटीपाशी धरावा, ओठ किंचित उघडे ठेवून श्वास घ्यावा आणि मग हळूहळू वर आणावा. हनुवटीपाशी जे फळ सापडते, ते ग्लासाच्या काठाशी अनेकदा सापडत नाही.

आणि ओतल्यानंतर तुम्ही किती वेळ थांबलात, हे तुम्ही लिहिलेले नाही. पॉट स्टिलच्या जमैकन रमला मी किमान ४० मिनिटे देतो.

तराजू

'अंदाजे ४६' या शब्दप्रयोगाला माझी हरकत आहे. सुईविना सिरिंज घ्या आणि मोजून पाणी घाला. २० मिलिलिटर रममध्ये ६२.८ टक्क्यांच्या हिशेबाने १२.५६ मिलिलिटर अल्कोहोल आहे. त्याला हव्या त्या तीव्रतेने भागले की एकूण आकारमान मिळते. ५५ टक्क्यांसाठी २.८ मिलिलिटर पाणी, ५० साठी ५.१, ४६ साठी ७.३ आणि ४० साठी ११.४. अल्कोहोल आणि पाणी मिसळल्यावर मिश्रण थोडे आकुंचन पावते, त्यामुळे ४६ च्या हिशेबाने केलेला ग्लास प्रत्यक्षात जेमतेम अर्ध्या टक्क्याने अधिक तीव्र राहतो. तेवढे चालते. न चालणारी गोष्ट म्हणजे बाटलीतून 'दोन थेंब' टाकणे, कारण थेंबाथेंबात फरक असतो आणि उद्या तोच ग्लास पुन्हा करता येत नाही.

पाणी खोलीच्या तापमानाचे आणि कमी क्षारांचे असावे. मिसळल्याबरोबर ग्लास किंचित उबदार होतो, कारण मिसळताना उष्णता बाहेर पडते, आणि त्या उबेमुळे वास क्षणभर फसवा उसळतो. पाच मिनिटे थांबून मगच नाक लावावे.

जाता जाता हेही ध्यानात असू द्यावे की या रमच्या २० मिलिलिटरमध्ये सुमारे ९.९ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल आहे, म्हणजे ४० टक्क्यांच्या रमच्या ३० मिलिलिटरपेक्षा थोडे जास्तच. एका बैठकीत तीन तीव्रता तपासायच्या असतील तर १० मिलिलिटरपेक्षा मोठे ग्लास करू नयेत, आणि चाखून थुंकण्यात काहीही कमीपणा नाही. तिसऱ्या ग्लासाला दिलेले गुण अनेकदा पहिल्या दोन ग्लासांनी दिलेले असतात.

शंकासूर

गुणांच्या आधी मला त्या लेबलाचीच चौकशी करावीशी वाटते. २१३ बाटल्या म्हणजे १४९ लिटर. अमेरिकन ओकचे नेहमीचे पिंप सुमारे २०० लिटरचे असते. याचा अर्थ १४ वर्षांनंतर तीन चतुर्थांश माल शिल्लक राहिला. कॅरिबियन हवामानात पिंपातून दरवर्षी सहा टक्के किंवा त्याहूनही अधिक भाग उडून जातो. सहा टक्क्यांनी हिशेब केला तर १४ वर्षांनी ४२ टक्के, म्हणजे ८४ लिटर किंवा १२० बाटल्या उरायला हव्या होत्या. युरोपातल्या थंड गोदामात ही घट वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास असते, आणि त्या दराने १४ वर्षांत जवळजवळ अचूक ७५ टक्के उरतात. तेव्हा ही रम जमैकात गाळलेली असली तरी मुरली बहुधा युरोपात. अगदी चार वर्षे जमैकात आणि दहा वर्षे युरोपात असे धरले, तरी १८२ च्या वर बाटल्या जात नाहीत.

हे गुणांशी कसे जोडलेले आहे? उष्ण प्रदेशात १४ वर्षे मुरलेल्या रममध्ये लाकूड पुढे येते आणि उडून गेलेल्या भागामुळे उरलेले सगळेच घट्ट होते. थंड प्रदेशात मुरलेल्या रममध्ये मूळ गाळलेल्या द्रवाचा स्वभाव अधिक राहतो. तुम्हाला ४६ टक्क्यांवर जाणवलेला पोकळपणा आणि ६२.८ वरचा व्हार्निशचा भपका ही दोन्ही लक्षणे मला तिकडे बोट दाखवणारी वाटतात. 'चौदा वर्षे' हा आकडा दोन्हीकडे सारखा छापला जात असला तरी त्याचा अर्थ सारखा नसतो.

तराजू

अनुमान सुंदर आहे, पण त्याला तीन भोके आहेत. पिंप २०० लिटरचेच होते हे लेबल सांगत नाही. २५० लिटरची पिंपे सर्रास वापरली जातात आणि ५०० लिटरचीही असतात. एक पिंप दोन व्यापाऱ्यांनी वाटून घेतल्याची उदाहरणेही कमी नाहीत. तिसरे भोक सर्वांत मोठे आहे. रम समुद्रापार नेताना ती पुष्कळदा पिंपांतून काढून मोठ्या टाक्यांत भरली जाते आणि पलीकडे पोचल्यावर दुसऱ्याच पिंपांत ओतली जाते. तसे झाले असेल, तर 'एकच पिंप' हे शब्द चौदापैकी फक्त शेवटच्या काही वर्षांना लागू होतात. रमच्या बाबतीत या शब्दांची जगभर लागू होणारी एकच कायदेशीर व्याख्या नाही.

शंकासूर

भोके मान्य आहेत. तरीही जो व्यापारी बाटल्यांची संख्या छापतो पण पिंपाचा आकार आणि मुरण्याचे ठिकाण छापत नाही, त्याने आपल्याला अनुमान करायला लावले आहे. चुकले तर दोष त्याच्या पदरात.

नवशिक्या

मी सहा महिन्यांपूर्वीच रमकडे वळलो, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर क्षमा असावी. मुळात इतकी तीव्र रम चांगली का मानली जाते? पाणी घालूनच प्यायची असेल तर व्यापाऱ्यानेच का घालू नये? दुसरे म्हणजे, रममध्ये गुपचूप साखर मिसळतात असे मी वाचले आहे. तुमच्या बाटलीत ती नाही, हे कसे कळले?

मुरवण (धागाकर्ता)

साखरेचे आधी सांगतो, कारण ते सोपे आहे. अल्कोहोल मोजण्याचा साधा हायड्रोमीटर घनता मोजतो. विरघळलेली साखर घनता वाढवते, त्यामुळे साखर असेल तर हायड्रोमीटर लेबलापेक्षा कमी अल्कोहोल दाखवतो. ४० टक्क्यांच्या रममध्ये लिटरला १० ग्रॅम साखर असेल तर वाचन सुमारे अडीच टक्क्यांनी घसरते. ६० च्या पुढे तीच साखर पावणेदोन टक्क्यांच्या आसपास घसरण दाखवते. माझ्या बाटलीचे वाचन २० अंश सेल्सिअसला ६२.५ आले. ०.३ चा फरक लाकडातून उतरलेल्या द्रव्यांमुळे आणि उपकरणाच्या मर्यादेमुळे सहज पडतो. ही परीक्षा लेबलावरचा आकडा खरा आहे असे धरूनच करता येते, हे मात्र विसरू नये. युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे रममध्ये लिटरला २० ग्रॅमपर्यंत गोडवा आणणारी द्रव्ये चालतात, म्हणजे गोड केलेली रम तिथे बेकायदेशीर नाही. आपल्याला ती ओळखता यावी एवढेच.

तीव्रतेचा प्रश्न तुम्ही बाळबोध म्हणत असलात, तरी माझा सगळा धागा त्याच्यावरच उभा आहे. ४६ टक्क्यांच्या खाली आणल्यावर लांब साखळीची एस्टरे (आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून बनणारी संयुगे) पाण्यात नीट विरघळून राहत नाहीत आणि द्रव धूसर होतो. ग्राहकाला गढूळपणा आवडत नाही म्हणून काही ठिकाणी रम गारठवून ती एस्टरे फिल्टरने काढून टाकतात, आणि त्यांच्यासोबत तोंडातला स्निग्धपणाही थोडा जातो. मी ४० टक्क्यांचा एक ग्लास मुद्दाम करून पाहिला. दहा मिनिटांत तो धुरकट झाला, तेव्हा फिल्टर न केल्याचा लेबलावरचा दावा मला पटला.

नाकपुडी

नवशिक्या, याला जोडून आणखी एक गोष्ट. स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी २०१७ साली संगणकीय प्रतिरूपाने असे दाखवले की ग्वायकोल नावाचा धुरकट वासाचा रेणू ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात पृष्ठभागापाशी, म्हणजे नाकाच्या जवळ राहतो, आणि अल्कोहोल ५९ टक्क्यांच्या वर गेले की तो अल्कोहोलच्या रेणूंनी वेढला जाऊन आत ओढला जातो. अभ्यास व्हिस्की डोळ्यांसमोर ठेवून केलेला होता आणि रेणूही एकच होता, त्यामुळे रमचा प्रत्येक वास तसाच वागेल असे मी म्हणणार नाही. पण ६२.८ टक्क्यांवर न सापडणारे काही ५० टक्क्यांवर सापडते, या अनुभवाला त्यामुळे निदान एक आधार मिळतो. ज्यांना पाणी घालणे हा रमचा अपमान वाटतो त्यांनी हेही आठवावे की ब्रिटिश नौदलात खलाशांना रम वाटली जात असे आणि १७४० साली अ‍ॅडमिरल व्हर्ननने तिच्यात पाणी घालण्याचा हुकूम काढला, तो खलाशांनी ती भराभर पिऊ नये म्हणून.

डंडर

इतका वेळ एस्टरांचा उल्लेख कोणी सविस्तर केला नाही याचे आश्चर्य वाटते, कारण जमैकन रमचे मूल्यमापन त्यांच्याशिवाय होत नाही. तिथे १०० लिटर शुद्ध अल्कोहोलमागे एस्टरे किती ग्रॅम, या आकड्यावरून रमचे 'मार्क', म्हणजे प्रकार दाखवणाऱ्या खुणा, ठरतात. हॅम्पडेन या जमैकन डिस्टिलरीचे एलआरओके हे मार्क सुमारे २०० ते ४०० च्या पट्ट्यात येते, तर डीओके १,५०० ते १,६०० मध्ये, आणि १,६०० ही वरची मर्यादा आहे. ही एस्टरे कुठून येतात? आधीच्या गाळपातून उरलेला आंबट द्रव, म्हणजे डंडर, आणि खड्ड्यातला आंबलेला गाळ मळीत मिसळून ती बराच काळ आंबवली जाते. जिवाणू त्यात निरनिराळी आम्ले तयार करतात. त्यांतले ब्युटिरिक आम्ल स्वतः ओकारीसारखे घाणेरडे वास मारते, आणि अल्कोहोलशी संयोग झाल्यावर त्याचेच इथाइल ब्युटिरेट होऊन अननसाचा वास देते. मुरवण यांना सापडलेले अननस ते हेच. केळे बहुधा आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचे, आणि व्हार्निश व डिंक इथाइल अ‍ॅसिटेटचे. लवंग मात्र मळीतून आलेली नाही, ती ओकमधल्या युजेनॉलची.

इथे एक इशारा द्यावासा वाटतो. एस्टरांच्या एकूण आकड्यात सर्वांत मोठा वाटा इथाइल अ‍ॅसिटेटचा असतो, म्हणजे अननसाचा नसून डिंकाचा. शिवाय तो आकडा ताज्या गाळलेल्या द्रवाचा असतो आणि पिंपात १४ वर्षे काढल्यावर बदलतो. 'जास्त एस्टर म्हणजे श्रेष्ठ रम' हे म्हणणे 'जास्त टक्के म्हणजे श्रेष्ठ रम' याच्याच जातकुळीतले आहे. डीओके हे मुळात सुट्या पेयासाठी नव्हतेच. इतर मिश्रणांना आणि खाद्यपदार्थांना वास देण्यासाठी थोडेसे घालायचे ते द्रव्य होते. आज तेच बाटलीत भरून पराक्रम म्हणून विकले जाते आणि आपणही ते चाखून एकमेकांना शौर्यपदके देतो.

मुरवण, तुमच्या नोंदीत ऑलिव्ह आणि अननस आहेत, पण व्हार्निश लवकर ओसरते. यावरून माझा कौल मधल्या पट्ट्याला, म्हणजे काहीशे ग्रॅमांना आहे. हजाराच्या वरची रम इतक्या सहजासहजी डिंक सोडत नाही.

तराजू

नाकपुडी यांच्या ४० मिनिटांच्या नियमाविषयी मला शंका आहे. अर्धा तास थांबलेला माणूस पुढचा घोट चांगलाच म्हणणार. मुरवण, तुमच्याकडे बाटली आहे तर एक करून पाहा. तीन सारखे ग्लास घ्या, दोघांत ४० मिनिटे आधी ओतलेली आणि एकात आत्ता ओतलेली रम ठेवा, किंवा उलट. ग्लासांची मांडामांड दुसऱ्या कोणीतरी करावी. तुम्ही फक्त वासावरून वेगळा ग्लास ओळखायचा. घोट घ्यायचा नसल्याने सहा वेळा केले तरी डोके ठिकाणावर राहील, फक्त एका दिवसात दोनपेक्षा जास्त फेऱ्या करू नका.

मुरवण (धागाकर्ता)

तीन दिवसांत सहा फेऱ्या झाल्या. मांडणी घरातल्या एका व्यक्तीने केली, जिला रमच्या वासाने शिंका येतात, त्यामुळे तिचा कल कुठेही असण्याची शक्यता नव्हती. सहापैकी पाच वेळा मी वेगळा ग्लास बरोबर ओळखला. निव्वळ अंदाजाने पाच किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे दोन टक्के आहे. तेव्हा थांबण्याने वास बदलतो, हे निदान माझ्या नाकापुरते मी मान्य करतो.

पण याच चाचणीने माझे पहिले ८९ गुण मोडीत काढले. पहिल्या संध्याकाळी मी ओतल्यावर पाच मिनिटांतच सुरुवात केली होती, म्हणजे गुण दिले ते डिंकाच्या भपक्याला आणि चटक्याला. आता मोजून केलेल्या, ४० मिनिटे थांबलेल्या ग्लासांवर, प्रत्येक तीव्रता वेगळ्या दिवशी घेऊन पुन्हा गुण दिले आहेत. ६२.८ वर ८५, ५५ वर ८७, ५२ वर ८८, ४६ वर ८३. पन्नाशीच्या खाली लाकडाचा कडूपणा झपाट्याने वर येतो आणि ६० च्या वर फळ दबते. ५२ टक्क्यांवर ऑलिव्हचा खारटपणा आणि अननस एकाच घोटात भेटतात, आणि लवंग त्यांच्या मागून सावकाश येते.

शंकासूर

मग तुमच्याच प्रश्नाचे उत्तर तुम्ही दिले आहे, फक्त ते लिहायची हिंमत करा. गुण ८८, आणि त्यापुढे '५२ टक्क्यांवर' असे ठळक. माझ्या मते ४६ वरची पडझडही नोंदीत हवी. ज्या रमचे संतुलन सहा टक्क्यांत बिघडते, तिच्यात पाणी घालणाऱ्याने किती सांभाळावे हे वाचकाला कळले पाहिजे. पन्नाशीपासून साठीपर्यंत कुठेही उभी राहणारी रम ८८ ला माझ्या लेखी अधिक पात्र असते.

नाकपुडी

इथे माझा विरोध नोंदवतो. ज्या रमला एकच नेमकी जागा असते ती कमी प्रतीची, असे मी मानत नाही. व्यापाऱ्याने ती ६२.८ वर भरली म्हणूनच ही जागा सापडली. त्याने सर्वांच्या सोयीसाठी ४६ वर आणून भरली असती, तर आपल्यापैकी कोणीही ५२ पर्यंत परत चढू शकला नसता. माझ्या दृष्टीने अशा बाटलीचे मोल इतकेच आहे. गुण ज्याला द्यायचे ते ५२ टक्क्यांवरच्या रमला द्यावेत, लेबलावरच्या आकड्याला नव्हे.

डंडर

आणि कृपा करून हे गुण त्या अज्ञात डिस्टिलरीच्या नावे जमा करू नयेत. शेजारच्या पिंपात त्याच दिवशी भरलेली रम वेगळी निघते. लाकूड आधी किती वेळा वापरलेले होते, पिंप गोदामात वर होते की खाली, एवढ्याने फरक पडतो. मिश्रण करणारा पिंपांचे दोष एकमेकांत झाकू शकतो. एकट्या पिंपाला तशी सोय नसते, म्हणून ४६ वरचा तो कडूपणा मला या पिंपाचाच वाटतो.

मुरवण (धागाकर्ता), दोन महिन्यांनंतर

बाटली आता निम्म्यावर आली आहे. आत शिरलेल्या हवेमुळे म्हणा किंवा वारंवार उघडण्याने म्हणा, व्हार्निश जवळजवळ गेले आहे आणि न थांबता ओतलेला ग्लासही आता लगेच फळाचा वास देतो. ६२.८ वरचे गुण ८५ वरून ८६ झाले, ५२ वरचे ८८ तसेच राहिले, आणि ४६ वरचे ८२ वर घसरले. काल रात्री ग्लास न धुता ठेवला होता. सकाळी त्यात अननस नव्हते, डिंक नव्हता, फक्त ऑलिव्ह आणि ओलसर लाकूड होते. उरलेली रम मी २०० आणि १०० मिलिलिटरच्या छोट्या काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवली आहे. त्यांतली एक तराजू यांच्यासाठी बाजूला काढली आहे. सोबत सिरिंज पाठवावी लागणार नाही, असे गृहीत धरतो.